मारेवाच्या पलंगावरची गोधडी

फोन पाद्रीणबाईंकडे आला. तांगी ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी, म्हणजे उद्याच्याच विमानाने येतेय, मुलगा एनोका बरोबर आहे, आणि परतीची तिकिटं तीन काढलीत. तिसरं तिकीट कुणाचं हे पाद्रीणबाईंनी तिला विचारलं नाही आणि मीही पाद्रीणबाईंना विचारलं नाही. तिसरं मारेवाचं होतं.

मारेवा ही नापोकोने भरवून वाढवलेली पोर. जन्म दिला तो एनोकाच्या बायकोने. ती दोघं ऑकलंडला कामाला गेली तेव्हा दातही न फुटलेलं लेकरू नापोकोच्या मांडीवर ठेवून गेली. आमच्या बेटावर यात कुणी कुणाला नावं ठेवत नाही. ज्यांच्या घरात पोर नाही त्यांना पोर मिळतं, आणि पोराला दोन घरं मिळतात. नापोकोने नि तिच्या नवऱ्याने अळकुड्या कुस्करून बोटाने भरवत तिला मोठी केली. पुढे नवरा गेला. मग गेल्या वाऱ्याच्या दिवसांत स्टोव्ह उलटला आणि घर गेलं. मायलेकी वाचल्या. नापोकोच्या आईच्या आणि आजीच्या हातच्या गोधड्या मात्र पेटीसकट जळाल्या.

तांगी म्हणजे एनोकाची आई, मारेवाची सख्खी आजी. तिने तिकडून निरोप धाडला, "जळक्या घरात माझी नात राहणार नाही. मी येऊन बघते. पोरीचा धड बिछाना दिसला तर ठेवते, नाही तर घेऊन जाते." एनोकाचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्याला आईने विचारल्यावरच भूक लागते.

धड बिछाना म्हणजे काय ते तांगीलाही ठाऊक आणि मलाही. वर्षातून एकदा गावचे पंच घरोघर तपासणीला फिरतात तेव्हा आधी पलंग बघतात आणि मग संडास. पलंगावर तिवाईवाई, म्हणजे हातची फुलापानांची गोधडी, नसेल, तर ते घर विस्कटलेलं. थंडीचा आणि तिचा काही संबंध नाही. या माणसामागे कुणीतरी बसून टाके घालणारं आहे, एवढं ती सांगते, आणि ते सांगितल्याशिवाय आमच्यात माणूस लग्नालाही उभं राहत नाही आणि मातीतही जात नाही.

आमच्या इविरुआ गावच्या शिवण मंडळाची मी म्होरकी. म्होरकी म्हणजे कापड मी कापते. आठ घड्या घालून, कागदावर न काढता, सरळ कात्रीने. इतर सगळ्या शिवतात. इस्पितळातल्या खाटांवरच्या चादरी आमच्या हातच्या. वादळात ज्याचं छप्पर उडतं त्याच्या खिडक्यांचे पडदे आमचे. ज्याची पोरंबाळं सगळी परदेशात आणि रडायला इथे कुणी नाही, त्याच्या शवपेटीवरची गोधडीही आमचीच, आणि गरज पडली तर रडतोही आम्हीच. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पण कुणी दुसऱ्या गावचं मंडळ आमच्या बरोबरीचं आहे असं म्हणालं तर त्याच्याकडे मी बघते, आणि तो पुढे बोलत नाही.

नापोकोच्या घराच्या भिंती पुरुषांनी उभ्या केल्या, पत्रे घातले. पडदे आणि उशांचे अभ्रे आम्ही केले. मारेवाच्या पलंगासाठी गोधडी शिवायला घेतली होती. निळ्या कापडावर पांढरी अनंताची फुलं. फुलं मी कापली होती, निळ्यावर बसवली होती, पण अजून नुसता कच्चा टाका होता. पाकळ्यांच्या कडा मोकळ्या लोंबत होत्या. आठवडा मिळाला असता तर झाली असती. आणि आता तांगी उद्या येणार होती.

सभागृहात सगळ्या जमल्या. नापोको भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातात सुई होती, पण तिने दोरा ओवलाच नव्हता.

"उसनी आणू," रुता म्हणाली. रुता लग्न करून या गावात आलेली, हाताने चांगली, जिभेने घाईची. "माझी आणते मी. तांगीबाई बघतील, जातील, मग परत घेऊ."

"हे मंडळ उसनं देत नाही," मी म्हणाले.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मावशी."

"पलंगावर अंथरली की त्या पलंगाची झाली. उद्या तुझ्या नवऱ्याला मी एका दिवसासाठी उसना मागितला तर?"

"न्या की. जेवायला पण घाला."

बायका हसल्या. नापोको हसली नाही. ती हळूच म्हणाली, "अकाइतीताई, काही नसलं तरी चालेल मला. पण तांगीला चालणार नाही."

तेव्हा मी सांगितलं की माझ्या पेटीतली एक मी देते. उसनी नाही, कायमची. माझ्या पेटीतली गोधडी म्हणजे काय ते गावाला ठाऊक आहे. मी सुनेला, पुरेआला, म्हणाले, "पेटीतलं वरचं गाठोडं घेऊन ये उद्या सकाळी. वरचं. तळाला हात लावू नकोस."

वर माझी लाल जास्वंद असायची. पिवळ्या कापडावर लाल जास्वंद, जी बघून दोन गावच्या बायका जेवल्या नव्हत्या. तळाला चटईत गुंडाळलेली होती ती माझी शेवटची.

ती हिरव्या नेच्याची. आम्ही चार मैत्रिणी होतो, लग्नाआधीच्या. मी, तांगी, आणि दोघी ज्या आता चर्चमागे आहेत. चौघींनी बसून चौघींच्या शेवटच्या गोधड्या शिवल्या आणि एकमेकींना शब्द दिला, की आपल्यातली कुणी उघडी मातीत जायची नाही. त्या दोघी आपापली पांघरून गेल्या. तांगी तिची ऑकलंडला घेऊन गेली. माझी पेटीत होती. ती मी कुणापुढे कधी उघडली नव्हती, सुनेपुढेही नाही.

दुसऱ्या दिवशी मी फुलांच्या माळा घेऊन धावपट्टीवर गेले. रुता आणि पुरेआ पलंग लावायला नापोकोकडे गेल्या. विमान लहानसं, आमच्या चर्चच्या घंटेपेक्षा थोडा जास्त आवाज करणारं. शिडीवरून आधी एनोका उतरला, जांभई देत. मग तांगीची टोपी, मग तांगी.

"अकाइती," ती म्हणाली, "तू आहेस अजून?"

"तुझ्या आधी जायचं नाही असं ठरवलंय."

"माझे पाय सुजतात, तुझे दात पडलेत. बघू." तिने मान खाली केली, मी माळ घातली. अनंताचा वास आला तशी ती जरा थांबली. मग लगेच तिचा आवाज सरळ झाला. "बिछाना आहे?"

"आहे."

"कुणी उसना दिलेला?"

"आमच्या मंडळात उसनं देत नाहीत. तू गेलीस तेव्हाही देत नव्हते."

"तिकडे माझ्या घरी पोरीला वेगळी खोली आहे. शाळा समोर आहे. एनोकाने रंगही दिलाय भिंतीला."

"गुलाबी," एनोका म्हणाला. त्या दिवशी तो स्वतःहून बोललेला हा पहिला शब्द.

गुलाबी भिंतीशी भांडता येत नाही. ट्रकमध्ये मागच्या फळीवर आम्ही शेजारी बसलो. लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे अननसाची शेतं, आणि तांगी प्रत्येक घराकडे बघून इथे कोण राहतं, ते जिवंत आहेत का, असं विचारत होती. मी उत्तरं देत होते आणि मनात लाल जास्वंद पलंगावर अंथरून बघत होते. तिच्यापुढे तांगीची गुलाबी भिंत फिकी पडेल असं मला वाटत होतं.

नापोको दारात उभी होती. चांगला म्हणावा असा तिचा एकच झगा आगीतून वाचलाय, कारण तो त्या दिवशी दोरीवर वाळत होता. तोच तिने घातला होता. मारेवाच्या केसांना खोबरेल तेल चोपडलं होतं, गळ्यात माळ होती आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. तिला बोलायचं नाही असं सांगून ठेवलेलं दिसत होतं.

तांगीने पोरीला जवळ घेतलं, हुंगलं, केस बाजूला करून कान तपासले. मी पाहुण्यांच्या पुढे घरात गेले, कारण सगळं नीट आहे ना ते एकदा बघायचं होतं. आतल्या खोलीचा पडदा बाजूला बांधलेला होता. पलंग दारासमोरच. त्यावर हिरवा नेचा होता.

माझे पाय तिथेच राहिले. पांढऱ्या कापडावर गर्द हिरवी पानं, मधून चारी कोपऱ्यांकडे पसरलेली. इतकी वर्षं बघितली नव्हती, आणि मी स्वतः कापलेली असूनही एक क्षण मला ती सुंदर वाटली. मग भानावर आले. मातीत न्यायचं कापड, आणि ते लहान पोरीच्या पलंगावर. हे बघून आमच्यातली कुठलीही म्हातारी त्या पोरीला उचलून घराबाहेर नेईल. आणि बाहेर उभी होती ती नुसती म्हातारी नव्हती. त्या नेच्याचा एक कोपरा तिने शिवला होता.

"हे कुठून आणलंस?" मी पुरेआला दंडाला धरून भिंतीशी नेलं.

"वरचं म्हणालात ना, आई. वरचंच आणलं." मग तिचा चेहरा उतरला. "परवा पेटीला ऊन दाखवलं होतं. परत ठेवताना... दोन्ही गाठोडी सारखीच दिसतात. अस्तराची बाजू वर."

"आणि चटई?"

"चटईला वाळवी लागली होती. टाकून दिली."

रुता मागून म्हणाली, "मावशी, काय कापलाय हो नेचा. आम्हाला वाटलं, सगळ्यात चांगली काढून दिलीत."

मी रुताकडे बघितलं नाही. पुरेआच्या कानाला लागले, "पळत जा. आता जे गाठोडं पेटीत आहे ते घेऊन ये. मागच्या दाराने." पलंगावर अंथरली की त्या पलंगाची, हा नियम माझा, आणि तो मोडायला माणूस मीच धाडलं. लाज वाटायला वेळ नव्हता. आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि पुरेआ पाचव्या महिन्यात होती, म्हणजे ती पळणार नव्हती, भराभर चालणार होती.

मी पडद्याची गाठ सोडली आणि बाहेर आले. "आधी जेवण," मी म्हणाले.

"आधी पलंग," तांगी म्हणाली.

"विमानातून उतरलेल्या माणसाने घरात आधी हात धुवायचे. ऑकलंडला वेगळी पद्धत असेल."

हे बरोबर लागलं. तांगीला कुणी पद्धत शिकवलेली खपत नाही. ती धुसफुसत ओसरीत चटईवर बसली. मी तिच्यापुढे सगळं मांडलं, आणि हळूहळू मांडलं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, उकडलेली अळकुडी, मासे, भाजलेला नीरफणस. ती जेवत होती आणि मी तिला वाढत होते. तिने हात आखडला की मी आणखी वाढत होते.

"माझं पोट फोडायचंय का तुला?"

"तिकडे असं अळू मिळत नाही."

"मिळतं. बाजारात. गोठवलेलं." तिने शेवटचं पान चाटून खाल्लं. "पण असं नाही."

मागच्या दाराकडे माझा कान होता. कोंबड्यांशिवाय काही नव्हतं. नापोकोला काही कळलं नव्हतं. तिला वाटलं मी पाहुणचार करतेय, म्हणून तीही आग्रह करत होती. एनोका भिंतीला टेकून झोपला होता.

मी जुन्या गोष्टी काढल्या. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं मोडलं. तांगी ऐकत होती, पण तिची नजर पुन्हा पुन्हा त्या पडद्यावर जात होती. शेवटी तिने हात पुसले. "अकाइती, तू मला बसवून ठेवतेयस."

"मी?"

"तू तरुण असताना तपासणीला आलेल्या पंचांना असंच खायला घालायचीस. घर झाडायचं राहिलेलं असलं की." तिने उठण्यासाठी जमिनीला हात टेकला. "एनोका, ऊठ."

आणि ज्या पोरीला बोलायचं नाही असं सांगितलं होतं, तिने तेव्हाच तोंड उघडलं. "मी दाखवते माझा पलंग," मारेवा म्हणाली, आणि पडदा सरकवून धावत जाऊन नेच्याच्या बरोबर मधोमध बसली.

आम्ही सगळे तिच्यामागे गेलो. तांगी पलंगापाशी उभी राहिली. तिला आधी फक्त मोठी सुंदर गोधडी दिसली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे कुणाही शिवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर येतं. मग तिचा हात डावीकडच्या कोपऱ्याकडे गेला. तो हात शोधत नव्हता, त्याला जागा माहीत होती. त्या कोपऱ्यात एक पान हिरव्या दोऱ्याऐवजी निळ्या दोऱ्याने शिवलेलं आहे. त्या दिवशी हिरवा दोरा संपला होता आणि तांगीला घरी जायची घाई होती. मी तेव्हा तिला खूप बोलले होते.

तिने निळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"पोरीला खाली उतरव," ती नापोकोला म्हणाली. आवाज अगदी हळू होता. नापोकोने काही न समजून मारेवाला उचललं.

"अकाइती. ही कोणती आहे, सांग मला."

चूक झाली म्हणावं, तर ज्या बायकांना पोरीच्या अंगाखाली मातीचं कापड घातलेलं कळत नाही, त्यांच्यात पोर ठेवायची कशी? खोटं सांगावं, तर निळा टाका समोर होता. नापोको पोरीला छातीशी धरून उभी होती. तिला गोधडीचं कळलं नव्हतं, पण तांगीच्या आवाजावरून काय जाणार आहे ते तिला कळलं होतं.

"माझी," मी म्हणाले. "तुला माहीतच आहे."

"तुझ्या पेटीतली."

"माझी शेवटची. दिली तिला."

रुताने तोंडावर हात घेतला.

"असं कुणी देतं?" तांगी म्हणाली. "मेलेल्याचं कापड जित्या पोरीला?"

"मेलेल्याचं कसं? मी मेलेय का?"

तांगी माझ्याकडे बघत राहिली. तिला राग होता, भीतीही होती, आणि तिसरं काहीतरी होतं जे मला ओळखता येत नव्हतं. मग ती म्हणाली, "माझ्या आईने एकदा केलं होतं असं. ज्याची असेल त्याने आधी तिच्यावर झोपायचं, मेल्यासारखं. आणि उठायचं. उठलं की ते कापड जित्यांचं होतं. झोप."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"देताना सगळ्यांसमोर दिलीस ना?"

या गावात मला कुणी झोप म्हणून सांगितलेलं नाही, नवऱ्यानेही कधी नाही. मी चपला काढल्या. पलंग लहान पोरीचा, माझे पाय बाहेर राहिले. मी नेच्यावर पाठ टेकली, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. तांगीने दोन्ही बाजूंची टोकं माझ्या अंगावर आणली, जशी आम्ही आणतो. कापडाला पेटीचा, कापराचा वास होता. मी ऐकत होते. कुणीतरी नाक ओढलं. एनोका दारात पाय बदलत होता.

"आजी मेली का?" मारेवाने विचारलं.

"नाही," तांगी म्हणाली. "थांब."

तेवढ्यात मागचं दार आपटलं. पुरेआ धापा टाकत आत आली, हातात गाठोडं, आणि तिला दिसलं ते असं की सासू डोळे मिटून, हात छातीवर ठेवून, शेवटच्या गोधडीत गुंडाळून पडलीय आणि सगळे भोवती उभे आहेत. तिने जो हंबरडा फोडला तो समुद्रापर्यंत गेला असेल. गाठोडं तिच्या हातून सुटलं. ते सुटून उघडलं असणार, कारण रुता हळूच म्हणाली, "अगं बाई, लाल जास्वंद."

माझ्या गळ्याशी गोधडीची कड नीट करायला तांगी वाकली. तिचा श्वास मला कानाशी लागला. माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "चुकून आलीय ना ही?"

मी काही बोलले नाही. मेलेल्या माणसाने बोलायचं नसतं.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. ती सरळ होऊन काय बोलेल त्यावर पोर राहणार की जाणार हे होतं, आणि मला डोळे उघडता येत नव्हते. इतकी वर्षं मी मंडळात बसून इतरांना तंगवत ठेवलंय. तंगून राहणं कसं असतं ते मला त्या लहान पलंगावर कळलं.

"ऊठ," तांगी म्हणाली.

मी उठून बसले. पुरेआ मटकन खाली बसली.

"पोरीला ठेव वर," तांगी नापोकोला म्हणाली. मारेवा माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या दंडाला बोट लावून बघितलं.

"आता सांग," तांगी म्हणाली. "तुझी शेवटची तू देऊन टाकलीस. तू काय पांघरून जाणार?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. खरंच नव्हतं. पण पोरगी दंडाला लागून बसली होती आणि शब्द तोंडातून आले. "ही शिवेल माझी."

"मारेवा?"

"जिला शेवटची दिली तिने देणारीची शिवायची. नाही तर घेणारीवर ऋण राहतं. ही इथे राहील, शिकेल, आणि माझी शिवेल. आणि तू तिला घेऊन जाणार असशील तर जा घेऊन. पण मग मला उघडी मातीत पाठवणारी तू. आपण चौघींनी काय शब्द दिला होता ते तुला आठवत असेल. त्या दोघींना तर वर गेल्यावर तुला सांगावं लागेल."

तांगीचे ओठ हलले. ती खिडकीकडे वळली आणि तिथून बोलली, "सुई तरी धरता येते का पोरीला?"

त्या खोलीत नापोको पहिल्यांदाच बोलली. "रोज बसते माझ्याशेजारी."

"मग शिवू दे. आत्ता."

रुता धावत जाऊन सभागृहातली निळी गोधडी घेऊन आली. जमिनीवर पसरली. मारेवाने पोटावर पडून एका अनंताची पाकळी धरली आणि शिवायला लागली, जीभ बाहेर काढून. तांगी चष्मा लावून तिच्या डोक्याशी बसली. नापोको डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक प्रार्थना. पाकळी झाली तशी तांगीने कापड उचलून डोळ्यांजवळ नेलं. मी लांबूनच बघितले ते टाके. एक मोठा, एक बारीक, एक भलतीकडेच.

"खेकडा चालून गेलाय," तांगी म्हणाली.

"लहान आहे ती," नापोको म्हणाली.

"मी तिच्याएवढी होते तेव्हा माझे टाके दिसायचे नाहीत." तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "असल्या टाक्यांत जाणार तू खाली?"

"मला कुठे घाई आहे," मी म्हणाले.

तांगीच्या पोटातून आधी एक आवाज आला. मग टोपी हलायला लागली. ती हसत होती, आणि हसता हसता तिने चष्मा काढून डोळे पुसले, आणि मग ती हसत नव्हती. तिने मारेवाला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या तेलकट केसांत तोंड घालून बसून राहिली. आम्ही सगळ्या भिंतीकडे बघत राहिलो.

"एनोका," ती शेवटी म्हणाली, "तिसरं तिकीट परत होतं का?"

"नाही होत," एनोका म्हणाला.

"मग राहू दे." एवढंच ती म्हणाली. नापोको तिथेच चटईवर बसली आणि मारेवाने शिवलेल्या त्या वेड्यावाकड्या पाकळीवरून हात फिरवत राहिली.

मला वाटलं संपलं. पण तांगी ती तांगीच. उठता उठता तिने दाराशी पडलेल्या गाठोड्याकडे बोट केलं. "आणि ही लाल कशाला मागवली होतीस?"

पुरेआने माझ्याकडे बघितलं. रुताने माझ्याकडे बघितलं. माझी लाल जास्वंद जमिनीवर अर्धी उलगडून पडली होती, आणि मी तिच्याकडे एकदाच बघून घेतलं.

"तुझ्यासाठी," मी म्हणाले. "पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायची पद्धत नाही आमच्यात."

"पोरीसाठी नव्हती?"

"पोरीला तर दिली ना आधीच."

तांगीला पुरतं समजलं. तिने नाही म्हणायला हवं होतं. तिने ते गाठोडं उचललं, घडी नीट केली आणि काखेत मारलं.

रविवारी चर्च झाल्यावर ती विमानाने गेली. एनोका खिडकीशी, त्याच्या शेजारी ती, आणि मारेवाच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली माझी लाल जास्वंद. धावपट्टीच्या कुंपणाशी मारेवा माझ्या खांद्यावर बसून हात हलवत होती. तिचे पाय माझ्या छातीवर आपटत होते, आणि मला लागतंय हे तिला मी सांगितलं नाही.

निळी गोधडी पुढे पुरी झाली. ती आता नापोकोच्या पलंगावर आहे. माझी पेटी रिकामी आहे. पुरेआ तिला रोज पुसते आणि माझ्या नजरेला नजर देत नाही. तिला मी अजून काही बोललेले नाही, पण बोलणार आहे, बाळंत झाल्यावर.

गुरुवारी मंडळ बसतं तेव्हा मारेवा शाळेतून थेट येते, माझ्या पायाशी बसते. तिचे टाके बारीक झालेत असं नापोको म्हणते. मला दिसत नाहीत झालेले. मी कात्रीचं टोक तिच्या हातात देते.

"आजी, तुझी कधीपर्यंत हवी?" ती विचारते.

"आधी हे उसव," मी म्हणते.